वजा लाख

"अहो, ही बघा सायकलची ट्यूब," शालन म्हणाली.

काचेआड खरोखरच ट्यूब होती. काळी, मधूनमधून कापलेली, आणि कापलेल्या कडा बाहेर उलटवून त्यांच्या पाकळ्या केलेल्या. मला मात्र आधी रबर दिसलंच नाही. मला एक गळा दिसला, आणि त्या गळ्याभोवती हलणारी काळी फुलं.

"गळ्यातलं आहे ते," मी म्हणालो.

"होय? पंक्चर काढून घालतात की तसंच?"

उत्तर द्यायला मी तिथे होतो कुठे? पुढच्या कपाटाकडे निघालोही होतो. म्युनिकमधल्या एका संग्रहालयाच्या तळघरातलं ते गोल दालन होतं. सगळीकडे काचेची उंच कपाटं आणि त्यांत आजच्या काळातल्या कारागिरांनी केलेले दागिने. कागदाचे, लोखंडाचे, हाडाचे, दगडाच्या चुऱ्याचे. सोनंही होतं, पण ते इतरांच्या रांगेत मुकाट्यानं उभं होतं. मार्च महिना होता. बाहेर बोटं आखडत होती. आत मी कोट काढायचाही विसरून घामाघूम झालो होतो, आणि दाराशी उभा असलेला रखवालदार माझ्यावर नजर ठेवून होता.

त्याचंही बरोबर होतं. माझ्या वयाचा माणूस संग्रहालयात सहसा धावत नाही.

कोल्हापुरात गुजरीला आमचं लहानसं दुकान. तिथे रद्दीवाल्याकडे मला एकदा जाड कॅटलॉग मिळाला होता, जर्मन भाषेतला. त्यातलं अक्षर कळत नव्हतं, चित्रं कळत होती. गिऱ्हाईक नसलं की वर्तमानपत्राच्या आड तो उघडून मी बसायचो. शालनला वाटायचं, मी अग्रलेख वाचतो. त्यातल्या एका पानावर लोखंडी तारेची वाकी होती. वर्षानुवर्षं मी ती बघत आलो होतो आणि वर्षानुवर्षं मला एकच प्रश्न पडला होता, की ही तार शेवटी अडकवली कुठे?

आता ती वाकी समोर होती. मी कपाटाच्या मागे गेलो आणि गुडघ्यावर बसलो.

"काय पडलं?" शालन म्हणाली.

"मागची बाजू बघतोय."

"अहो, लोक बघतायत. इथं फरशी पुसायला आल्यासारखे बसू नका."

पण मला ती गाठ दिसली होती. तारेचं टोक तारेतच परत विणून टाकलं होतं, इतकं सफाईनं की वाकीला शेवटच नव्हता. माझे वडील, अण्णा, म्हणायचे, समोरून गिऱ्हाईक बघतं, मागून सोनार बघतो. चित्रात मागची बाजू नसते. ती बघायला इतक्या लांब यावं लागतं.

"झालं का समाधान?" शालननं हात देऊन मला उठवलं. "लहान मुलागत डोळे झालेत तुमचे."

समाधान कुठलं. माझं खरं काम अजून व्हायचंच होतं. कोटाच्या आतल्या खिशात चष्म्याचं जुनं घर होतं आणि त्यात गुलाबी कागदात गुंडाळलेली, मी केलेली एक वस्तू होती. मार्चमध्ये त्या शहरात असल्या दागिन्यांचा मेळाच भरतो. गल्लोगल्ली गॅलऱ्या उघड्या असतात आणि जगभरचे जाणकार येतात. त्यांतल्या एकाला ती वस्तू दाखवून विचारायचं होतं, की बाबा रे, हा दागिना आहे की कचरा? आमची लेक ऋजुता तिथे नोकरीला. आईवडील आपल्याला भेटायला आलेत, अशी तिची समजूत. शालनचीही तीच. खिशातलं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या सकाळी दोन गॅलऱ्या झाल्या होत्या. पहिल्या ठिकाणी मी मालकापाशी गेलो, खिशात हात घातला, तोंड उघडलं आणि शौचालय कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्या ठिकाणी मालकीण होती. तिलाही मी तेच विचारलं. इंग्रजी मी पुष्कळ वाचतो, पण बोलायची वेळ आली की माझे शब्द पुस्तकातच बसून राहतात. शालनचं उलट. तिच्याकडे इंग्रजी शब्द थोडेच, पण ते सगळे कामावर असतात.

"पोट बिघडलंय का तुमचं?" संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना तिनं विचारलं. "सकाळधरनं दोनदा विचारलंत, आणि गेला एकदाही नाहीत."

"नाही. बरं आहे."

"मग घरी जाऊ या. ऋजुता कामावरून यायच्या आत भाकरी टाकते."

"अजून एक," मी म्हणालो. "एवढी एकच गॅलरी बघू."

तिनं माझ्याकडे बघितलं. चाळीसेक वर्षं दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेली बाई. गिऱ्हाईक काय लपवतंय, ते तिला चालीवरून कळायचं. "चला," ती म्हणाली.

ती गॅलरी एका शांत गल्लीत होती. एका खोलीची, पांढऱ्या भिंतींची. मधे लांब टेबल, आणि टेबलावर दागिने उघडे ठेवलेले. वर काच नाही की खाली मखमल नाही. तीनचार माणसं हात मागे बांधून, वाकून, कुजबुजत बघत होती. टेबलाच्या टोकाला गॅलरीची मालकीण उभी होती. नाव आनेग्रेट, ते मागाहून कळलं. उंच, आखूड पांढरे केस, आणि गळ्यात, आमच्या भाषेत सांगायचं तर, काहीही नाही.

मी हात मागे बांधायला हवे होते. पण टेबलाच्या कडेला एक ब्रोच होता, काळवंडल्या चांदीचा, वाळलेल्या पिंपळपानाएवढा, आणि हाताशी उघडा दागिना आला की सोनाराचे हात त्याला विचारत नाहीत. मी तो उचलला. तळव्यावर दोनदा झेलून वजन बघितलं. उलटा केला. सवयीनं एक फुंकर मारली आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्याशी नेला.

मागे स्वर्ग होता. समोरून जे साधं पान दिसत होतं, त्याच्या पाठीवर केसाएवढ्या शिरा कोरलेल्या, आणि त्या शिरांमधून टाचणीची बिजागरी अशी फुटलेली, जणू पानाला कोंब आला आहे. साडीला लागला की हे सगळं झाकलं जाणार. करणाऱ्याशिवाय कुणाला दिसायचं नाही. मला मोठ्यानं हसू आलं.

माझं हसू संपलं तेव्हा खोलीत कुणीच बोलत नव्हतं. हात मागे बांधलेली माणसं माझ्याकडे बघत होती.

"ठेवा," शालन दातांतून म्हणाली. "ठेवा ते खाली. पोलीस येतील."

आनेग्रेट आमच्याकडे आली. मी ब्रोच दोन्ही हातांनी पुढे केला, देवळात प्रसाद परत करतात तसा. तिनं तो घेतला नाही.

"तुम्ही समोरून बघितलंच नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. "आधी उलटा केलात. का?"

मला उत्तर येत होतं. अण्णांचं वाक्य मी मनात इंग्रजीत जुळवलंसुद्धा. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

"ही इज गोल्डस्मिथ," शालन म्हणाली. "कोल्हापूर. व्हेरी गुड गोल्डस्मिथ. टॉकिंग, नो."

आनेग्रेटच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "ज्यानं हा ब्रोच केला, तो म्हणतो की मी मागची बाजू आधी करतो. पण आज सकाळपासून एकानंही तो उलटा केलेला नाही." मग तिनं मला विचारलं, "तुम्ही काय करता? कसले दागिने?"

"ठुशी, पाटल्या, तोडे," शालननं बोटांवर मोजलं. "अँड साज. कोल्हापूर साज, व्हेरी फेमस." साज म्हणजे काय, ते सांगायला तिनं गळ्याभोवती हात फिरवला आणि हवेतच एकेक पान लटकवलं. "फिश, मून, लोटस, टॉर्टॉइज. ऑल गोल्ड. आय हॅड." तिचा हात गळ्यावरून खाली आला. "नाउ, नो."

तेवढ्यात कुणीतरी आनेग्रेटला हाक मारली. ती "माफ करा" म्हणून वळली. ती जाणार, माणसांत मिसळणार, आणि मी पुन्हा रस्त्यावर उभा असणार. मी तोंड उघडलं. शौचालयाचा प्रश्न जिभेवर येऊन बसला होता.

"इथं तरी शौचालय विचारू नका," शालन शेजारून म्हणाली.

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात छातीवरचं काहीतरी सैल झालं. "मॅडम," मी म्हणालो. चष्म्याचं घर माझ्या हातात होतं.

आनेग्रेट थांबली. मी घर उघडून गुलाबी कागद टेबलावर ठेवला.

"आपल्या दुकानचा कागद," शालनचा आवाज एकदम बारीक झाला. "कुणाचा दागिना घेऊन आलात तुम्ही परदेशात? हरवला असता म्हणजे?"

मी कागद उलगडला.

साज होता तो. मण्यांच्या मधे ओळीनं लोंबणारी पानं. मासा, कमळ, चंद्र, बेलपान, शंख, कासव. पण त्यावर सोनं नव्हतं. सगळी पानं तांबूस काळी, विझलेल्या निखाऱ्यासारखी, उजेड आला की खोलवर थोडी लाल होणारी. आकार ओळखू येत होते, पण कडा मऊ झालेल्या, झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारख्या.

"अहो," शालन म्हणाली, "ही लाख आहे."

साजाची पानं भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा ठोकून पान घडवतात आणि ते दबू नये म्हणून आत लाख भरतात. लाखेला मोल नाही. म्हणून गुजरीतल्या प्रत्येक पावतीवर सोन्याच्या वजनाखाली एक ओळ असते, वजा लाख. जुना साज मोडायला आला की तो मुशीत टाकायचा, लाख जळून जाते, सोनं उरतं. अण्णा तसंच करायचे. मला ते जमेना. मी पानाच्या पाठीवरचा सांधा बारीक करवतीनं उघडायचो, पत्रा सालीसारखा सोलायचो, आणि आतली लाख अख्खी बाहेर काढायचो. सोनं मुशीत जायचं, लाख बिस्किटांच्या डब्यात. अण्णा म्हणायचे, पोराला वाचनानं वेड लागलं.

"डब्यातली ती?" शालन म्हणाली. "मी दोनदा टाकायला निघाले होते तो डबा."

"माहीत आहे. दोनदा परत आणला."

आनेग्रेट आमच्याकडे बघत नव्हती. तिनं साज दोन्ही हातांवर घेतला. इतक्या वर्षांचा प्रश्न इंग्रजीत तयार होता, इज धिस ज्युवेलरी, एवढे तीनच शब्द. मी ते उच्चारणार, तोच तिनं साज उलटा केला.

समोरून तिनं बघितलाच नव्हता. ती पाठी बघत होती. प्रत्येक पानाच्या पाठीवर, मी जिथे सांधा उघडला होता तिथे, एक बारीक रेघ उमटलेली होती. टाके काढल्यावर कातडीवर राहते तशी. तिचं बोट एकेका रेघेवरून सरकत गेलं.

मी प्रश्न विचारला नाही.

"ही पानं कुणाची होती?" तिनं विचारलं.

आणि मी बोलायला लागलो. इंग्रजीत सुरुवात केली आणि कधी मराठीत शिरलो ते कळलं नाही. शालन शेजारून तिच्या इंग्रजीत सांगत राहिली.

"हे कमळ गंगावेशीतल्या एका वस्तादांच्या मंडळींचं. मुलाला ट्रक घ्यायचा होता. मोडताना म्हणाल्या, पोतदार, ट्रकवर याच कमळाचं चित्र काढून घेते."

"लोटस, लेडी, सन, बिग ट्रक," शालन म्हणाली.

"हा चंद्र एका शाळामास्तरणीचा. त्यांना दोन मुली, म्हणून साज मोडून दोघींना सारख्या बांगड्या. दिवसभर दुकानात बसून हसत होत्या. हे बेलपान, ही बाई दारातच उभी राहिली, आत आली नाही. हे कासव आजरेकर काकूंचं. त्यांनी मला विचारलं, आत काय असतं रे? मी दाखवलं. म्हणाल्या, अगंबाई, माझ्याच रंगाचं आहे."

शालनला हसू आलं. "टॉर्टॉइज लेडी, सेम कलर," तिनं सांगितलं, आणि आनेग्रेटही हसली. हात मागे बांधलेली माणसं आता आमच्याभोवती गोळा झाली होती आणि त्यांचे हात सुटले होते. मी बोलत होतो. मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता. शंख झाला, भुंगा झाला. मी एकेका पानावर बोट ठेवत पुढे चाललो होतो आणि मासा ओलांडून गेलो.

शालनचं बोट मागे राहिलं.

माशावर, शेपटीच्या जरा वर, दोन बारीक खळगे होते. ती त्यांवरून नखानं चाचपडत होती.

"हे दात आहेत," ती म्हणाली.

माझं बोट भुंग्यावरच थांबलं.

"ऋजुताचे दात. दात येत होते तेव्हा मांडीवर बसून हाच मासा चावायची. सोनं दबलं म्हणून मी ओरडले होते तिच्यावर." तिनं वर बघितलं. "हा माझा मासा."

"हो."

"आतपर्यंत गेले होते दात?"

"लाखेपर्यंत."

आमच्या भावाभावांत दुकानाची वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला नुसती भिंत आली, त्या वर्षी तिनं गळ्यातला साज काढून माझ्या तराजूत ठेवला होता. वजन करा, एवढंच म्हणाली होती. मी वजन केलं होतं. त्या सोन्यावर आमचं दुकान पुन्हा उभं राहिलं.

"काय म्हणाले ते?" आनेग्रेटनं विचारलं. "माशाबद्दल काय सांगितलं?"

"वन मिनिट," शालन म्हणाली. तिनं नाक पुसलं. मग कोटाची वरची दोन बटणं काढली, शाल सरकवली, आणि माझ्याकडे पाठ केली. "बांधा."

"अगं, लाख आहे ती."

"मला कळतंय काय आहे ते. गोफ बांधा."

मी गोंडा सरकवून साज तिच्या गळ्यात बसवला. कुणीतरी एक आरसा पुढे केला, पण तिनं त्यात बघितलं नाही. ती मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून पानं बघत होती, नव्या दागिन्यावर बायका बघतात तशी. लाखेला अंगाची ऊब लागते. थोड्याच वेळात त्या पांढऱ्या खोलीत आमच्या दुकानाचा वास आला, राळेचा आणि धुराचा. मला वाटतं, तो फक्त आम्हा दोघांनाच आला.

आनेग्रेट हलक्या आवाजात माझ्याशी बोलली. हा साज तिला गॅलरीत ठेवायचा होता, सगळा उन्हाळा. त्यानंतर परत पाठवणार होती. मला लगेच शंका आल्या. लोक काय म्हणतील? दिव्याखाली लाख पाघळली तर? मी चुकून काही भलतंच केलं असलं तर?

"हिला विचारा," मी म्हणालो. "हिचा मासा आहे."

शालननं सगळं ऐकून घेतलं. "यू टेक," ती आनेग्रेटला म्हणाली. "बट नो ग्लास. अँड नो हॉट लाइट. लेडी कमिंग, लेडी वेअरिंग. ओके?"

"ओके," आनेग्रेट म्हणाली. हुज्जत न घालता मान्य करणारं ते शालनच्या आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक असावं.

टेबलावर प्रत्येक दागिन्यापाशी एक लहान पांढरं कार्ड होतं. त्यावर करणाऱ्याचं नाव आणि खाली कशाचं बनवलंय ते. चांदी, पोलाद. कागद, रेशीम. आनेग्रेटनं कोरं कार्ड घेतलं, माझं नाव लिहून घेतलं, आणि पेन वर धरून विचारलं, "कशाचं आहे?"

"लाख," मी म्हणालो.

"नुसती लाख?" शालननं गळ्यातल्या पानांवर तळवा ठेवला. "अहो, आपण पावतीवर काय लिहितो?"

"सोनं, वजा लाख."

"मग इथं खरं काय आहे ते लिहा की."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं भुवया उंचावल्या, दुकानात मी मापात चुकलो की उंचावायची तशा.

मी आनेग्रेटकडे वळलो आणि तिला माझ्या इंग्रजीत सांगितलं. एका दमात, न अडखळता. तिनं लिहायला घेतलं आणि मधेच थांबली. पेन तसंच धरून ती शालनच्या गळ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिनं उरलेलं लिहिलं आणि कार्ड आमच्यासमोर सरकवलं.

"काय लिहिलं तिनं?" शालन म्हणाली. "वाचा की."

मी वाचलं, "लाख, वजा सोनं."